रंजनाताईंच्या व्हॅनचा वरचा बोल्ट

माझ्या मुलीनं एकदा माझं कार्ड छापायचं ठरवलं तेव्हा त्यावर धंद्याचं नाव काय लिहायचं, यावरून आमच्या घरात चांगलाच वाद झाला. बायको म्हणाली, ‘मेकॅनिक’ लिहा. पण मी मेकॅनिक नाही. कोणी मला इंजिन बांधायला सांगितलं तर मी त्याला सरळ दुसऱ्याचा पत्ता देतो. मुलगी म्हणाली, ‘बोल्ट स्पेशालिस्ट’ लिहू. मी म्हटलं, “बाई, आपल्या नागपुरात स्पेशालिस्ट म्हटलं की लोकांना धंतोलीतले डॉक्टर आठवतात. गुडघ्याचा वेगळा, मणक्याचा वेगळा. उद्या एखादा आजोबा पाय घेऊन माझ्याकडे येईल.” शेवटी कार्ड छापलंच नाही.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. जो बोल्ट निघत नाही, तो मी काढतो. मेकॅनिक थकतो, गाडीमालक चिडतो, पाना घसरून कोणाचं तरी बोट सोललं जातं, आणि मग मला बोलावतात. पेटी स्कूटरवर बांधायची आणि जायचं.

हे काम मी कोराडीत शिकलो. वीजकेंद्रात ठेकेदाराकडे फिटर होतो. तिथे कोळसा दळणाऱ्या अजस्र चक्क्या असतात. त्यांच्या बोल्टांवर वर्षानुवर्षं राख बसते, वरून उष्णता, आणि मग नट आणि बोल्ट दोन वेगळ्या वस्तू होत्या हे लोखंड विसरून जातं. आमचा मुकादम म्हणायचा, “ताकद त बैलालेही असते गा. तू कान लाव.” सैल होणाऱ्या बोल्टाचा आवाज वेगळा असतो आणि तुटणाऱ्या बोल्टाचा वेगळा, हे मला त्यानं शिकवलं. पुढे ठेकेदाराचं काम संपलं, माणसं पांगली. मी हा एवढा कान घेऊन बाहेर पडलो आणि त्यावर घर चालवलं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोल्ट दोन ठिकाणी दगा देतो. एक म्हणजे त्याचं डोकं. ते षटकोनी असतं, पाना त्या कोपऱ्यांना धरतो. चुकीच्या मापाचा पाना लावून जोर केला की कोपरे झिजतात, डोकं गोल होतं, आणि पाना नुसता फिरत राहतो. दुसरं म्हणजे आटे, म्हणजे बोल्टाच्या अंगावरच्या गोल गोल खाचा. ते गेले की बोल्ट आवळला तरी आवळला जात नाही. आणि गाडीतली सगळ्यात अवघड जागा म्हणजे ब्रेक. ब्रेक तापतो, भिजतो, धूळ खातो. तिथले बोल्ट हट्टी होतात ते उगीच नाही.

हल्ली मोबाईलवर व्हिडिओ पाहून लोक घरीच ब्रेक उघडतात. व्हिडिओतल्या गाडीचा बोल्ट कधी अडत नाही, ही त्यातली गोम. प्रतापनगरातल्या एका सद्गृहस्थांनी गोल झालेल्या बोल्टावर झटपट चिकटणारा गोंद लावून पानाच चिकटवला होता. पाना घट्ट चिकटला, पण पान्याला फिरायला जागाच नव्हती. मला आधी पाना काढावा लागला आणि मग बोल्ट. ते गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणाले, “पण आयडिया बरोबर होती न?” मी म्हटलं, “आयडिया बरोबर होती साहेब, बोल्टाले माहीत नव्हती.” ते इतके हसले की मला चहा दोनदा मिळाला.

अशा लोकांना मी हसत असलो तरी मनातून मला ते आवडतात. आपली गाडी आपण उघडून पाहावी असं वाटणं ही चांगली गोष्ट आहे. पण या सगळ्यांत एक बाई अशी भेटली, की तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला बसलो.

तिचं नाव रंजना गजभिये. झिंगाबाई टाकळीच्या पुढे त्यांचं घर. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, कमी बोलणारी बाई. ती शाळेची व्हॅन चालवते. नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात ती आणि सासू. मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

“काका, बोल्टवाले काका तुम्हीच न? व्हॅनच्या पुढच्या चाकाचा ब्रेक खोलून राहिली होती. वरचा बोल्ट गोल झाला.”

“किती वेळा पाना घसरला?”

“एकदाच. मग मी हात काढून घेतला.”

मी तिथेच थबकलो. लोक मला बोलावतात ते दहादा घसरल्यावर, हातोडा मारून झाल्यावर, शेजाऱ्याचाही जोर लावून झाल्यावर. एकदा घसरल्यावर थांबलेलं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

जाऊन पाहतो तर अंगणात पिवळी व्हॅन. उन्हासाठी एका बाजूनं जुनी चादर बांधलेली. मागच्या चाकांना विटा लावलेल्या, पुढचं एक चाक काढून गाडीखाली आडवं सरकवलेलं, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्या चाकावर अडेल, माणसावर येणार नाही. काढलेले बोल्ट स्टीलच्या ताटात मांडलेले आणि प्रत्येकाशेजारी खडूनं खूण. मी विचारलं, “कोठी शिकल्या ताई?”

“गॅरेजमधी बसून बसून. गाडी तिथी द्यायची आणि समोर स्टुलावर बसायचं. त्यायले वाटे बाई भांडायले बसली आहे.”

मग तिनं सांगितलं ते असं. मागे एकदा एका गॅरेजनं तिच्या ब्रेकचं काम केलं आणि एक बोल्ट नुसता हातानं फिरवून तसाच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी मुलं घेऊन जाताना चाकातून टक टक आवाज यायला लागला. तिनं गाडी कडेला घेतली, मुलांना उतरवून झाडाखाली उभं केलं, आणि चाकात हात घालून पाहिलं तर बोल्ट बोटानं फिरत होता. “त्या दिवशी काका, मुलं विचारून राहिली होती, मॅडम काय झालं, मॅडम काय झालं. तेव्हापासून ब्रेक मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. मी आवळलं, तर मले माहीत असते की आवळलं.”

तिची सासू ओसरीवर लसूण सोलत बसली होती. खणखणीत आवाजाची म्हातारी. “काका, ही रात्री झोपेतही पाना फिरवते,” ती म्हणाली. सून हसलीसुद्धा नाही. तिचं सगळं ध्यान त्या बोल्टात होतं.

ब्रेकची रचना साधी आहे. चाकासोबत एक लोखंडी तबकडी फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात, आणि पेडल दाबलं की एक चिमटा ते पॅड तबकडीवर दाबतो. त्या चिमट्याला आम्ही कॅलिपर म्हणतो. तो दोन बोल्टांवर असतो, एक खाली, एक वर. खालचा तिनं काढला होता. वरचा ज्या पिनेत बसतो ती पिनच जाम झाली होती, त्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता आणि एका बाजूचा पॅड जास्त झिजला होता. तिनं हे आवाजावरून ओळखलं होतं.

मी लहान मापाचं सॉकेट, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना, ठोकून पाहिलं. घसरलं. तेल सोडून पाहिलं, पान्यानं टिचक्या मारून पाहिल्या. बोल्ट ढिम्म. मग मी माझं हुकमी शस्त्र काढलं. गोल झालेल्या डोक्यावर नवा नट वेल्डिंगनं चिकटवायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटतो आणि पान्याला धरायला नवे कोपरे मिळतात. दोन मिनिटांचं काम. मी वेल्डिंग मशीनची वायर सोडायला लागलो तशी ती उठून उभी राहिली.

“वेल्डिंग नाही काका.”

“काहून?”

“गॅसची गाडी आहे. मागं सिलिंडर आहे.”

“बाई, व्हॉल्व बंद करतो, बॅटरी सोडतो. अशा बहुत गाड्या केल्या मी.”

“केल्या असन. पण अंगणात नको. लोखंडानंच निघत असन तर तसं सांगा. वेळ लागला तरी चालते.”

खरं सांगतो, मला राग आला. इतक्या वर्षांच्या कामावर कोणी असं अंगणात उभं राहून नाही म्हणालं नव्हतं. पण तिच्या बोलण्यात अविश्वास नव्हता. मी चुकेन असं तिला वाटत नव्हतं. जी गोष्ट टाळता येते ती टाळायची, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि लोखंडानं निघण्यासारखा एक रस्ता होताच. मी तो सोडून दिला होता, कारण तो कंटाळवाणा आहे. कानस घ्यायची आणि गोल झालेल्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू घासून सपाट करायच्या. चौदाचा बोल्ट तेराच्या पान्यात घट्ट बसेल इतका. जागा एवढीशी, कानस बोटभरच पुढेमागे होते. घासणाऱ्याला चाकाच्या खोबणीत मान वाकडी करून पडावं लागतं.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

मी तिला कानस धरायची कशी ते दाखवलं. पुढे जाताना जोर, मागे येताना उचलायची, नाहीतर दात मोडतात. दोन्ही बाजू सारख्या उतरायला पाहिजेत, नाहीतर पाना पुन्हा घसरेल. ती पोत्यावर आडवी झाली आणि घासायला लागली. मी मधून मधून पाना लावून पाहायचो. “डावीकडून अजून.” पुन्हा घासणं. ऊन चढत गेलं. चादरीची सावली सरकली तशी सासूनं उठून चादर पुन्हा बांधली. एकदा मी म्हटलं, आणा, मी करतो थोडं. ती म्हणाली, “आता हाताले कानशीची चाल समजली आहे काका. तुमच्या हाती गेली की तिरपी होईन.” आणि ते बरोबर होतं. कानस एका हाताची असते.

घासता घासता ती अचानक थांबली.

“काका, ही नळी पाहा न जरा.”

कॅलिपरमध्ये ब्रेकचं तेल आणणारी रबरी नळी तिच्या नाकासमोरच होती. इतका वेळ तिथे डोळे लावून पडल्यामुळे तिला दिसलं होतं. बोटानं वाकवली की वळणावर बारीक तडा उघडत होता, सोडली की मिटत होता. मी सकाळपासून तिथे चारदा हात घातला होता. माझं लक्ष बोल्टावर होतं, मला नळी दिसली नव्हती. वेल्डिंग केलं असतं तर बोल्ट दोन मिनिटांत निघाला असता, पॅड बसले असते, आणि ती नळी तशीच रस्त्यावर गेली असती. माझा राग तिथेच संपला.

पुढे पाना बसला. असा बसला की टिचकी मारली तरी हलेना. मी मागून पिन धरून ठेवली आणि तिला म्हटलं, “आता जोर नाही. वजन टाका, आणि आवाज ऐका.” तिनं डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग एक कोरडी किरकिर झाली. ती म्हणाली, “निघून राहिला.” मलाही तेच ऐकू आलं होतं. पाव फेरा, थोडा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. बोल्ट हातात आला तेव्हा म्हातारीनं ओसरीवरून टाळी वाजवली.

पण बोल्टाच्या आट्यांत लोखंडाचा चुरा अडकला होता. मी पिनेत करंगळी घालून पाहिलं. बोल्टानं बाहेर येताना पिनेचे आटे सोबत आणले होते. ती पिन आता कामाची नव्हती. नवी पिन बाजारातून आणायची, तर रविवार, दुकानं बंद. आणि सोमवारपासून मुलांच्या परीक्षा.

मी म्हटलं, “पिनेत जरा मोठे आटे पाडून देतो, जाड बोल्ट टाकतो. नळीवर पट्टी बांधतो. दोन-चार दिवस चालून जाईन.”

तिनं विचारलं, “दोन का चार?”

“म्हणजे?”

“दोन दिवस चालन का चार दिवस चालन?”

मी पुन्हा पिनेत करंगळी घालून पाहिली. ती म्हणाली, “म्हणजे तुमालेही माहीत नाही.” तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. हिशेब जुळत नाही म्हणावं तसं म्हटलं.

सासू मात्र आता उठून खाली आली. “वं रंजना, ऐक न. परीक्षेच्या दिवशी गाडी नाही गेली त लोक सोडतीन का? तो नवा व्हॅनवाला टपून बसला आहे. काका म्हणते त चालन एक दिवस.”

“आई, टक टक वाजलं होतं त्या दिवशी तुम्ही गाडीत नव्हत्या,” ती म्हणाली. म्हातारी ओसरीवर परतली. रंजनाताईंनी हात पुसले, ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली.

मी पेटी भरायचं निमित्त करून तिथेच थांबलो. तिचं बोलणं प्रत्येक घरी सारखंच. “नमस्कार, व्हॅनवाली रंजना बोलते. उद्या सकाळी गाडी येणार नाही. ब्रेकचं काम निघालं आहे. दुपारी आणायले येईन का नाही, ते मी पुन्हा सांगते.” काहींनी ठीक आहे म्हटलं. काहींनी ऐकवलं. एक आवाज तर मला चार हातांवरून ऐकू येत होता. ती ऐकून घ्यायची, “हो, बरोबर आहे तुमचं,” म्हणायची आणि पुढचा नंबर लावायची. एकदा फोन ठेवल्यावर तिनं पदराच्या टोकानं डोळे कोरडे केले. मग पुन्हा नंबर लावला. हे सगळं ती एका खोटेपणानं टाळू शकली असती. जाड बोल्ट टाकला असता तर गाडी चालली असती, बाहेरून काही दिसलं नसतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच ती माझ्या स्कूटरवर मागे बसून बाजारात आली. पिनेचा नवा संच, बोल्ट, नळी, ब्रेकचं तेल घेतलं; नवे पॅड तिनं आधीच आणून ठेवले होते. दुसऱ्या बाजूच्या चाकाची नळीही तिनं मागितली. “एक फुटली त दुसरीही त्याच वयाची आहे,” ती दुकानदाराला म्हणाली. दुपारपर्यंत तिनं दोन्ही बाजू बसवल्या. माझ्याकडे एक पाना आहे, ठरलेल्या जोराइतकं आवळलं की तो ‘टिक्’ वाजतो. प्रत्येक बोल्टाला तो ‘टिक्’ तिनं स्वतः ऐकला.

आता शेवटचं काम उरलं होतं. नळी बदलली की ब्रेकच्या तेलात हवा शिरते. ती हवा काढावी लागते, नाहीतर पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. त्याला तीन माणसं असली तर बरं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, एकानं चाकापाशी कॅलिपरची तोटी उघडबंद करायची, आणि एकानं वर तेल ओतत राहायचं. चाकापाशी ती, तेलापाशी मी. पेडलसाठी सासू तयार झाली, पण तिचे गुडघे सीटवर चढेनात.

तेवढ्यात फाटकात एक स्कूटर येऊन थांबली. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, कपाळावर आठ्या. तन्वी नावाच्या एका मुलीचे वडील. आदल्या दिवशी फोनवर ज्यांचा आवाज मला ऐकू आला होता, तेच. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान.

“मॅडम, हे काय चालवलं आहे तुम्ही? परीक्षेच्या दिवशी गाडी बंद! माही पोरगी उशिरा पोचली, रडत रडत वर्गात गेली. माहं दुकान अजून उघडलं नाही. एक दिवस गाडी काढली असती त काय बिघडलं असतं?”

ती चाकापाशी पोत्यावर बसली होती. हात कोपरापर्यंत काळे. ती उठलीही नाही. शांतपणे म्हणाली, “भाऊ, तुमाले बोलायचा हक्क आहे. बोला. पण आलेच आहात त बोलता बोलता वर बसून ब्रेकचं पेडल दाबा. माणूस कमी पडून राहिला.”

ते गृहस्थ माझ्याकडे पाहायला लागले. मी तेलाची बाटली दाखवली. म्हातारी मात्र कधीच पुढे झाली होती; तिनं सीटवर धुतलेला टॉवेल अंथरला आणि म्हणाली, “बसा बाप्पा, कपडे खराब नाही होत.” आता एवढ्यावर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते चपला काढून बसले.

“दाबा,” खालून आवाज आला.

त्यांनी दाबलं आणि एकदम ओरडले, “अरे, हे त खालीच चाललं! पूर्ण खाली!”

“हवा आहे आत. धरून ठेवा... आता सोडा. पुन्हा दाबा.”

दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. तोटीतून आधी फेसाळलेलं तेल आलं, मग बुडबुडे, मग अधूनमधून एखादाच बुडबुडा. तन्वीचे वडील आधी रागानं दाबत होते. मग हळूहळू त्यांचं लक्ष पायाकडे गेलं. त्यांचा चेहरा मला काचेतून दिसत होता. “आता थोडं वर थांबून राहिलं,” ते म्हणाले. मग, “आता अजून वर.” दुसऱ्या चाकाचं झाल्यावर त्यांनी दोनदा, तीनदा दाबून पाहिलं. “आता कडक आहे. दगडासारखं.”

ते खाली उतरले तेव्हा चपला घालायच्या विसरले होते. ताटात पडलेली जुनी नळी त्यांनी उचलली. रंजनाताईंनी ती त्यांच्याच हातात वाकवून दाखवली. तडा उघडला.

“काल हे असंच होतं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“हो. तरी काल ब्रेक लागत होता भाऊ. म्हणून त कोणाले कळलं नसतं.”

त्यांनी स्वतः नळी दोनदा वाकवून सोडून पाहिली. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी त्या नळीचा फोटो घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. सोबत काय लिहिलं ते मला माहीत नाही. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “दुपारी तन्वीले तुम्ही आणान न?”

“गाडी फिरवून पाहते. बरोबर वाटली त आणीन,” ती म्हणाली.

गाडी तिनं शेजारच्या मोकळ्या मैदानात नेली. रिकामी पळवायची आणि थांबवायची, हळू, मग जोरात, मग वळणावर. मी शेजारी बसलो होतो. शेवटी तिनं असा ब्रेक मारला की माझी टोपी समोरच्या काचेवर गेली. मला वाटलं, झालं. पण अंगणात येऊन तिनं पुन्हा जॅक लावला, पुन्हा दोन्ही चाकं काढली आणि प्रत्येक बोल्टाला पुन्हा पाना लावून पाहिला. एकही हलला नाही. मग तिनं साबणानं हात धुतले, साडी बदलली आणि शाळेला निघाली.

हे सगळं गोड झालं असं मात्र नाही. तीन घरांनी त्याच आठवड्यात दुसरी व्हॅन लावली, आणि तो फोटो पाहूनही ती परत आली नाहीत. म्हातारी अजून त्यांची नावं घेऊन बोटं मोडते. रंजनाताई म्हणतात, “त्यायची परीक्षा होती आई, त्यायले कसं दिसन?” तन्वीच्या वडिलांनी पुढे आपल्या ओळखीतली दोन मुलं तिच्या गाडीत पाठवली, पण त्यालाही काही महिने गेले.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. शाळेच्या फाटकापाशी व्हॅनवाले उभे असतात, त्यांच्यात हा किस्सा पसरला. कोणी तिला विचारलं, कोणी चेष्टाही केली. मग एकानं आपली व्हॅन रविवारी तिच्या अंगणात आणली. ती म्हणाली, मी हात लावणार नाही, तुम्ही खोला, मी पाहते. त्यानंतर दुसरा आला. मानकापूरपासून टाकळीपर्यंतच्या भागातून मला पूर्वी दर महिन्याला काम असायचं. ते हळूहळू आटलं. मी बायकोला म्हटलं, “त्या बाजूचे बोल्ट सुधारले वाटते.”

गेल्या हिवाळ्यात त्या रस्त्यानं जाताना मुद्दाम गल्लीत वळलो. अंगणात दोन व्हॅन जॅकवर होत्या, मागच्या चाकांना विटा, खाली आडवी चाकं. एक जाडा माणूस पोत्यावर पडून कानस घासत होता आणि म्हातारी ओसरीवरून त्याला ‘डावीकडून अजून’ म्हणून सांगत होती. तिला तिथून काही दिसणं शक्य नव्हतं. रंजनाताई दुसऱ्या गाडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या.

फाटकापाशी उभ्या असलेल्या एका तरण्याताठ्या ड्रायव्हरनं मला अडवलं. “कोण पायजे काका? बोल्ट अडला का?”

मी काही बोलायच्या आत तिनं मान वर केली. “अरे, येऊ दे त्यायले आत,” ती म्हणाली. “आम्ही संगं काम केलं आहे.”

मला आजवर लोकांनी उस्ताद म्हटलं, मिस्त्री म्हटलं, बोल्टवाला तर सगळेच म्हणतात. ‘संगं काम केलं’ असं कोराडी सोडल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं. मी स्कूटर भिंतीला लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आत गेलो.